समोरची बाई

ज्यूदोच्या हॉलमध्ये तिला सगळे गादी म्हणत. लहान मुली गादीताई, मोठ्या नुसतं ताई, आणि सर तर सरळ हाकच मारायचे, "गादी, ये गं इकडे." हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. तिला राग येत नसे. "लोक गादीसाठी एकमेकांचे गळे धरतात," ती म्हणायची, "इथं माझा गळा धरधरून मलाच गादी केली." हा विनोद तिनं इतक्या वेळा केला होता की नव्यानं आलेल्या मुलीच तेवढ्या हसायच्या, आणि पुढच्या आठवड्यापासून त्याही हसायच्या बंद व्हायच्या.

तिचं काम पडण्याचं. समोरच्या मुलीनं गळ्याशी आणि बाहीला पकड घ्यायची, आत शिरायचं, तोल काढायचा आणि हिला उचलून मॅटवर आपटायचं. हिनं उठायचं, जॅकेट सारखं करायचं आणि पुन्हा समोर उभं राहायचं. संध्याकाळी सहा ते साडेआठ, आठवड्याचे पाच दिवस, अठरा वर्षं. सासूबाईंनी एकदा भाजी निवडता निवडता तोंडी गणित मांडलं होतं. दिवसाला पन्नास धरले तरी सव्वादोन लाख. "सव्वादोन लाख वेळा आपटलेलं भांडं कुणी घरात ठेवलं असतं का?" त्या म्हणाल्या. "तुला ठेवलंय. उपकार मान आमचे."

तिनं हे काही ठरवून पत्करलं नव्हतं. तेविसाव्या वर्षापर्यंत ती स्वतः खेळायची आणि बरी खेळायची. निवड चाचणीत एकदा तिसरी आली होती, आणि पहिल्या दोघींनाच संघात जागा होती. त्याच वर्षी सरांकडे एक मुलगी तयार होत होती, जिला पुढे सगळे थोरली म्हणायला लागले. तिच्या वजनाची, तिला झेपेल अशी दुसरी कुणी हॉलमध्ये नव्हती. सर म्हणाले, "महिनाभर तिच्यासमोर उभी राहा. तिची निवड झाली की मग तुझं बघू." थोरलीची निवड झाली. ती पदक घेऊन आली. मग मधली आली. तिच्या वेळी सरांनी महिनाभर असंही म्हटलं नाही. नुसतं हिच्याकडे बघून मान हलवली, आणि ही उठून समोर जाऊन उभी राहिली.

पडणं कुणालाही येतं, असं लोकांना वाटतं. थोरली आत शिरताना उजवा पाय बोटभर मागे ठेवायची. सर ओरडून थकले, त्यांनी खडूनं मॅटवर खूण केली, काही फरक नाही. गादी तोंडानं एक शब्द बोलली नाही. पाय मागे राहिला की ती जागची हलायची नाही. थोरलीनं कितीही जोर लावावा, ही आपली उभी. आणि पाय जागेवर पडला की अंग असं जाऊ द्यायची की थोरलीला वाटावं, आपण रिकामं जॅकेटच उचललं. तीन आठवड्यांत पाय पुढे आला. तो कसा आला हे थोरलीला शेवटपर्यंत कळलं नाही. सरांना कळलं होतं. म्हणून तर त्यांनी हिला सोडलं नाही.

दिवसा ती एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात कामाला होती. तळघरात. सकाळी सातला वॉर्डांतून ढकलगाड्या भरून चादरी येत, डाग बघून वेगळ्या काढायच्या, यंत्रात घालायच्या, निघाल्या की गरम रोलरखालून काढायच्या आणि घड्या घालायच्या. घडी घालायला दोघी लागतात. हिच्या समोर मामी असायच्या. मामी कुणाच्या मामी होत्या देव जाणे, पण सगळं इस्पितळ त्यांना मामीच म्हणे. दोघी चादरीची दोन-दोन टोकं धरत, एक झटका, एक पाऊल पुढे, टोकाला टोक, पुन्हा मागे. दिवसाला चारशे चादरी.

शेंग आली तेव्हा गादी सदतीस वर्षांची होती. ही पोर चवळीच्या शेंगेसारखी लांब आणि सडपातळ, म्हणून शेंग. सोळा वर्षांची, लांब हातांची, तिरसट. पहिल्याच दिवशी तिनं गादीला टाकलं तेव्हा गादीला हवेतच कळलं, ही थोरलीपेक्षा वर जाणार. आनंद झाला तिला, खोटं कशाला सांगा. पण उठताना आनंदाच्या पाठोपाठ दुसरंही काहीतरी मनात आलं. आता आणखी पाच-सहा वर्षं.

चार वर्षं गेली. शेंग वीस वर्षांची झाली आणि तिची मोठी निवड चाचणी जवळ आली. वाटेत एकच धोंडा होता. दुसऱ्या शहरातली एक डावरी मुलगी. ती उलट्या बाजूनं पकड घ्यायची आणि शेंगेची हुकमी फेक, मांडी आत घालून वर उडवायची, लागूच द्यायची नाही. दोनदा शेंग तिच्याकडून हरली होती. मग गादीनं नवऱ्याच्या फोनवर त्या डावरीच्या लढती बघायला सुरुवात केली. आधी बघितल्या, मग उभं राहून करून बघितल्या. एक्केचाळिसाव्या वर्षी ही बाई डावरी व्हायला निघाली. घरात फडकं डाव्या हातानं पिळायला लागली. चादरीची घडी उलट्या अंगानं यायला लागली तेव्हा मामी खेकसल्या, "अगं, आज काय वारं शिरलंय तुझ्यात? माझं टोक कुठे पळवतेस?"

दोन महिन्यांत ती हुबेहूब डावरी झाली. शेंग पकड घ्यायला आली की ही त्या डावरीसारखाच खांदा पुढे करायची, तसाच मनगटाला हिसका द्यायची. शेंग वैतागून म्हणायची, "ताई, तू असलीस की मला तिचाच राग येतो."

"येऊ दे. इथं येऊन गेला की तिथं डोकं थंड राहील."

पण ती दमली होती. आजार असा काही नव्हता. सकाळी उठताना आधी कुशीवर व्हायचं, मग कोपर टेकायचं, मग पाय खाली, असं तीन टप्प्यांत उठावं लागे. बोटांची पेरं इतकी सुजली होती की अंगठी केव्हाच डब्यात जाऊन बसली. मान एका बाजूला वळायची, दुसऱ्या बाजूला बघायचं तर सगळं अंग फिरवावं लागे. आणि हे सगळं चालून गेलं असतं. पण हल्ली हॉलचा जिना चढताना बाराव्या पायरीवर ती थांबायची आणि वरून येणारा धप-धप आवाज ऐकत उभी राहायची. पाय वर न्यायला मनच होत नसे.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचा. कमी बोलणारा माणूस. एकदा जेवताना तिनं सांगून टाकलं, "अहो, कंटाळा आलाय मला पडायचा."

"मग सांग की सरांना."

"शेंगेची निवड झाली की सांगते."

"मधलीच्या वेळी पण हेच म्हणाली होतीस." त्यानं वाटी बाजूला ठेवली. "लिफ्टचा दोर असतो ना, तो तुटायची वाट बघत नाहीत. वर्षं मोजतात आणि बदलतात."

"दोराला कुणी विचारत नाही ना, निवड झाली का म्हणून," सासूबाई मध्येच म्हणाल्या, आणि विषय तिथेच राहिला.

चाचणीला सहा आठवडे उरले होते. मंगळवार. हॉलमधल्या मॅट जुन्या होत्या आणि दोन मॅटांमधली फट रोज पायानं सरकवून बुजवावी लागे. त्या दिवशी सराव रंगला होता. भिंतीशी एक मुलगी फोनवर चित्रण करत होती. शेंग आत शिरली, पकड उत्तम, तोल निघाला, गादीचे पाय जमिनीवरून सुटले. आणि त्याच क्षणी शेंगेचा टेकलेला पाय फटीत गेला. गुडघा आतल्या बाजूला वळला.

गादी हवेत होती. तिला खाली तो पाय दिसला. वाकडा, अडकलेला, आणि आपलं पासष्ट किलोचं धूड नेमकं त्या गुडघ्यावर चाललेलं. ती तशीच पडली असती तर तिला काहीच झालं नसतं. पाठ सपाट लागली असती, हात मॅटवर आपटला असता, रोजच्यासारखं. तिनं कंबर पिळली आणि अंग पलीकडे भिरकावलं. हात टेकायला वाव राहिला नाही. ती खांद्याच्या टोकावर पडली. लाकडी काडी मोडल्यासारखा आवाज आला.

शेंग एका गुडघ्यावर बसली होती. तिनं पाय फटीतून काढला, हलवून बघितला, ठीक होता. मग गादीकडे वळली. "ताई, अगं अशी कशी पडलीस? लक्ष कुठे होतं तुझं?"

"चुकलं," गादी म्हणाली. तिला श्वास पुरत नव्हता.

सर धावत आले. गळ्याखालचं आडवं हाड मोडलंय हे बघताक्षणी कळत होतं. खाली नेताना जिन्यात ते कुणाला तरी म्हणाले, "वय झालं तिचं. अंदाज चुकायला लागला." ते तिला ऐकू आलं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर शेंगेला कळलं असतं की आपला गुडघा जाता जाता राहिला. आणि चाचणीच्या तोंडावर ज्या मुलीला स्वतःच्या गुडघ्याची भीती बसते, ती पुढे फेकताना समोरच्याकडे बघतच नाही, पायाकडे बघते. हे तिनं मधलीच्या बाबतीत एकदा बघितलं होतं. मधलीला त्यातून बाहेर यायला वर्ष लागलं.

इस्पितळात हाडांच्या डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला. "सहा आठवडे हा हात असाच. आणि बाई, मानेचे मणके बघितले मी. यापुढे पडायचं नाही. म्हणजे नाहीच."

ती घरी आली, सासूबाईंनी पाठीशी उशा लावल्या, आणि ती झोपली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता उठली. खांदा ठणकत होता, हात हलत नव्हता, पण मनावरचा धोंडा उतरला होता. संध्याकाळी सहा वाजले आणि ती अंथरुणातच होती. आता कुणी मला टाकणार नाही. हा विचार आला आणि तिला इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. हाड मोडून घेतल्याशिवाय आपल्याला नाही म्हणता आलं नाही, असंही तिच्या मनात आलं. तो विचार तिनं कुणाला सांगितला नाही.

तीन आठवड्यांनी ती हात गळ्यात बांधूनच कामावर गेली. मामींनी तिला टाके उसवलेल्या उशांच्या खोळी वेगळ्या काढायला बसवलं. संध्याकाळी तिचे पाय आपोआप हॉलकडे वळले.

शेंगेसमोर आता दुसरी मुलगी उभी होती. पहाटे बाजारात फळांच्या पेट्या उतरवायचं काम करायची, चोवीस वर्षांची, रुंद खांद्यांची. तिला भिंत म्हणत. भिंत स्वभावानं गरीब होती, पण पडायला मनातून घाबरायची, म्हणून पहिला आठवडाभर ती ताठ उभी राहिली. शेंगेला तिला हलवताच येईना. सर चिडून ओरडले, "अगं पड ना! तुझ्याशी स्पर्धा आहे का तिची?" तेव्हापासून भिंत पडायला लागली. शेंगेचा हात लागायचा अवकाश, भिंत स्वतःच उडायची. धाडकन आवाज व्हायचा, सगळा हॉल टाळ्या वाजवायचा. शेंगेच्या फेकी इतक्या देखण्या कधीच दिसल्या नव्हत्या.

गादी बाकावर बसून बघत होती. दहा मिनिटांत तिनं ओळखलं. शेंगेची मांडी आत जातच नव्हती. ती नुसती वळत होती, आणि बाकी सगळं भिंत करत होती.

पाणी प्यायला शेंग आली तेव्हा ती म्हणाली, "शेंगे, फेक लागत नाहीये तुझी. भिंत आधीच पडतेय."

शेंगेनं बाटलीचं झाकण लावलं. "सर तर म्हणतात, अशी फेक कधी झाली नव्हती."

"दिसते तशी. लागत नाहीये."

"ताई," शेंग म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक झाला, "तुझ्यावाचून माझं चाललंय, त्याचं वाईट वाटतंय का तुला?"

गादीच्या मनात खरं तर काय काय आलं. मग ती उठली, चपला घातल्या आणि जिना उतरली. भांडायचीही ताकद नव्हती. पुढचे दिवस ती गेली नाही. घरी सासूबाईंनी विचारलं, "आज गेली नाहीस मार खायला?" ती म्हणाली, "आता फुकट पण कुणी मारत नाही, आई."

चाचणीत शेंग चौथी आली. डावरीसमोर तिनं सात वेळा तीच फेक घातली. डावरी सातही वेळा नुसती उभी राहिली. कारण डावरी काही भिंत नव्हती. पण डावरीचीही जागा पक्की झाली नाही. एवढं झाल्यावर संघटनेनं जाहीर केलं की दहा आठवड्यांनी दुसरी आणि शेवटची चाचणी होईल, एकच जागा राहिलीय.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, भर दुपारी, शेंग इस्पितळाच्या तळघरात आली. तिथं वाफ इतकी की दारातून आलेलं माणूस आधी दिसतच नाही. मामींनी विचारलं, "कोण गं तू? इथं बाहेरच्यांना बंदी आहे."

"ताईकडे आलेय."

गादीचा हात नुकताच सुटला होता आणि ती हलक्या चादरी घ्यायला लागली होती. शेंग तिच्यासमोर उभी राहिली. तिनं फोन काढला, मग पुन्हा खिशात ठेवला. "माझी फेक कुठे बिघडली ते शोधायला जुनी चित्रणं बघत होते. त्या मंगळवारचं पण होतं. सावकाश करून बघितलं."

गादीनं हातातली चादर खाली ठेवली.

"तू सरळ येत होतीस. माझ्या पायावर. मग मध्येच वळलीस." शेंग म्हणाली. "आणि मी तुला म्हटलं, लक्ष कुठे होतं तुझं. का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तू पायाकडे बघत बसली असतीस."

"पण तू माझा गुडघा वाचवलास, ताई."

"हे बघ," गादी म्हणाली, आणि तिला एकदम खूप थकल्यासारखं झालं, "वाचवलं बिचवलं काही नाही. खाली मांडलेलं ताट दिसलं तर माणूस त्यात पाय टाकतो का? तसं ते. विचार करायला वेळ कुठे होता? आणि खरं सांगू? हाड मोडलं त्याचं मला बरं वाटलं. चार दिवस पोटभर झोपले मी. त्यामुळे तू उगाच रडू नकोस."

पण शेंग रडायला लागली होती. चांगली हुंदके देऊन. मामींनी थोडा वेळ वाट बघितली, मग रोलरमधून निघालेल्या चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली. "रड हो पोरी, पण हे धर. काम खोळंबलंय." शेंगेनं रडता रडता चादर ओढली. "ओढतेस काय अशी?" मामी म्हणाल्या. "समोर माणूस आहे की खुंटी?"

शेंगेला हसू आलं, रडूही येत राहिलं. दहा-बारा चादरी झाल्या तेव्हा ती थोडी थांबली. म्हणाली, "परत ये ना, ताई."

"पडणार नाही मी आता," गादी म्हणाली. "डॉक्टरांनी नाही सांगितलंय. त्यांनी सांगितलं नसतं तरी नाही." हे वाक्य आपल्या तोंडून गेलं यावर तिचाच विश्वास बसेना. इतकी वर्षं ते घशात अडकलं होतं, आणि निघालं तेव्हा चादरींच्या ढिगासमोर, काही आवाज न करता निघालं. "पण येते. भिंतीला शिकवायला येते."

सरांना ते आधी पटलं नाही. "पडायला काय शिकवायचं? एवढ्या वर्षांत तुला कुणी शिकवलं?"

"मला कुणी शिकवलं नाही म्हणून माझी मान अशी आहे, सर," ती म्हणाली. सरांनी तिच्या मानेकडे बघितलं. त्यांच्या समोर उभं राहून ती असं कधी बोलली नव्हती. ते बाजूला झाले.

हॉलच्या एका कोपऱ्यात तिनं भिंतीला घेतलं. आधी दोन आठवडे नुसतं पडणं. बसून, मग उकिडवं, मग उभं राहून, हनुवटी छातीशी, हात मॅटवर. भिंतीनं दुसऱ्या दिवशी कबूल केलं की हवेत गेलं की तिचे डोळे मिटतात. "मिटू देत," गादी म्हणाली, "पण टाकणारीची बाही सोडू नकोस. बाहीतून सगळं कळतं." भीती थोडी ओसरल्यावर मग खरं काम.

"तू पडायचं नाहीस," ती भिंतीला म्हणाली. "तिनं पाडलं तर पडायचं."

"आणि नाही पाडता आलं तर? सर ओरडतात."

"ओरडू देत. ती नीट आली तर अडवू नकोस, चुकली तर सोडू नकोस. आणि यातलं काय झालं ते तुला कळलंच नाही, तर तसं तोंडानं सांग. मलाही पुष्कळदा कळायचं नाही, तेव्हा मीही सांगायचे."

भिंत काही एका दिवसात शिकली नाही. कधी अडून राहायची, कधी जुन्या सवयीनं उडायची आणि मग स्वतःच जीभ चावायची. पण पेट्या उतरवणारे तिचे हात शहाणे होते. कोणत्या पेटीत माल सरकलाय ते न उघडता कळायचं तिला. सहाव्या आठवड्यात एकदा शेंग आत शिरली आणि भिंत हलली नाही. शेंग थांबली, म्हणाली, "मांडी गेली नाही ना?" भिंत म्हणाली, "नाही." दोघी पुन्हा उभ्या राहिल्या. बाकावर बसलेल्या गादीनं डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते काम तिच्यावाचून झालं होतं. त्याचं तिला बरं वाटलं आणि थोडं लागलंही.

डावरीचं सोंग मात्र तिनं स्वतःकडेच ठेवलं. फेक नाही, नुसती पकड. रोज वीस मिनिटं ती शेंगेसमोर डाव्या अंगानं उभी राहायची आणि तिला बाही मिळू द्यायची नाही. खांदा दुखायचा. वीस मिनिटं झाली की ती म्हणायची, "झालं माझं." आणि खरंच थांबायची.

चाचणीच्या आदल्या आठवड्यात, सराव संपून बाकीच्या कपडे बदलायला गेल्या होत्या. शेंग तिच्यापुढे येऊन उभी राहिली. "ताई, तू टाक. मी पडते."

"कशाला? जा, पाय सैल कर."

"अठरा वर्षांत तुला कुणी एकदा तरी टाकू दिलंय का?"

गादी आठवायला लागली. आठवेना. सगळ्याजणी टाकायलाच आलेल्या. "माझं ते सुटलं आता," ती म्हणाली, पण तिचा हात शेंगेच्या गळपट्टीकडे गेला होता. तिची फेक साधी होती, कमरेवरून वळवून खाली ठेवायची. ती सावकाश आत शिरली, वळली, आणि शेंग उडाली.

"उडी मारलीस," गादी म्हणाली.

"नाही गं."

"मला सांगतेस? ऊठ."

दुसऱ्या वेळी शेंग उडी मारायची नाही म्हणून अडली, आणि दोघी एकमेकींना धरून दारू प्यायल्यासारख्या झोकांड्या खात राहिल्या. भिंत दारात येऊन बघत होती, ती खो-खो हसली. तिसऱ्या वेळी गादीनं तोल काढला तेव्हा तिला बाहीतून कळलं, आता पोर ऐकतेय. ती वळली. कमरेवर वजन आलं आणि लगेच गेलं. शेंग समोर मॅटवर उताणी पडली होती.

गादी तिथेच खाली बसली. छाती धपापत होती. "किती सोपं असतं हे," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही फार कष्ट करता."

शेंग छताकडे बघत म्हणाली, "मला पडायला अजिबात येत नाही, ताई. डोकं भणभणतंय."

"हनुवटी कुठे होती तुझी? भिंतीकडून शिकून घे."

चाचणीच्या दिवशी गादी गेली नाही. प्रवासाला दोन दिवस लागत होते, आणि त्या आठवड्यात धुलाईतली दोन यंत्रं बंद पडून ढिगावर ढीग साठले होते. शेंगेबरोबर सर गेले आणि भिंत गेली. दुपारी भिंतीचा फोन आला. तिला काही धड सांगता येईना, ती नुसती ओरडत होती. मग कळलं ते असं, की डावरीला शेंगेनं मांडीच्या फेकीनं नाही, भलत्याच साध्या फेकीनं टाकलं. डावरी मांडीचीच वाट बघत राहिली. संघातली उरलेली जागा शेंगेला मिळाली.

"कोणती फेक?" गादीनं विचारलं.

"तुमचीच ती. कमरेवरची."

गादीनं फोन मामींकडे दिला आणि एका गठ्ठ्यावर बसली. मामींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मग म्हणाल्या, "चल, उठतेस का? अजून दीडशे आहेत."

मोठ्या स्पर्धेत शेंग पाचवी आली. पदक नाही मिळालं. परत आल्यावर तिनं वर्तमानपत्रवाल्याला दोन बायकांबद्दल बरंच सांगितलं होतं म्हणे, पण छापून आला तो शेंगेचा आणि सरांचा फोटो आणि खाली चार ओळी. नवऱ्यानं पान उलटसुलट करून बघितलं. "तुझं काहीच नाही यात."

"माझं कशाला असेल?" ती म्हणाली. "भिंतीचं हवं होतं."

आता ती मंगळवारी आणि शुक्रवारी तेवढी हॉलमध्ये जाते, एक तासभर. सरांनी त्या तासाला चार मुली दिल्या आहेत, पडायला शिकायला. त्यातली एक तर स्वतःहून आली. दमणूक काही गेलेली नाही. डॉक्टर म्हणतात, मान तशीच राहील, आणि अठरा वर्षांचा थकवा काय चार दुपारच्या झोपेनं थोडाच जातो. पण जिना ती आता न थांबता चढते. आणि सासूबाई तिची पाठ शेकताना अजून विचारतात, "आज कुणी आपटलं का गं?"

"नाही, आई," ती म्हणते. "आज मी नुसती बघत होते."